पांढऱ्या झाकणाची बाटली

तेजस गावंडेला कंपनीनं काढून टाकलं.

आता असं काही झालेलंच नाही, असं धरून पुढे जाऊ. कंपनीचंही तेच म्हणणं आहे. कंपनीनं कुणालाच काढलेलं नाही. २००९च्या त्या उन्हाळ्यात तिसऱ्या मजल्यावरची बरीचशी माणसं एकेक करून एकाच खोलीत गेली आणि तिथं प्रत्येकाला, आपापल्या मनानं, नोकरीचा कंटाळा आला, इतकंच. तेव्हा तेजस आहे. हिंजवडीच्या त्या काचेच्या इमारतीत, एजाज तांबोळीच्या शेजारच्या खुर्चीत तो बसलेला आहे आणि कँटीनवाल्यानं पोह्यांवर शेव कमी घातली म्हणून कुरकुरतो आहे.

एजाज कसबा पेठेतला. तांबोळ्यांच्या किती पिढ्या त्या गल्लीत गेल्या हे कुणी मोजलेलं नाही, पण गल्लीत नवीन आलेल्या माणसाकडे ज्या नजरेनं बघायचं असतं ती नजर एजाजला जन्मापासून येत होती. तेजस वाशीमचा, बिबवेवाडीत खोली घेऊन राहणारा. दोघंही टेस्टर. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्या अशा भाषेत लिहून कळवायच्या की समोरच्याचा दिवस खराब झाला पाहिजे. कसबा पेठेत हे काम लोक पिढ्यान्‌पिढ्या फुकट करत आले होते. एजाजला त्याचा पगार मिळत होता.

दोघांचं सगळं एकत्र चालायचं. एजाजच्या डब्यातला खिमा तेजस खायचा आणि वर, तिखट कमी आहे, अम्मीला सांग, असं बजावायचा. कंपनीच्या वार्षिक पार्टीत एजाजनं रसाचं कूपन घेतलं, तेजसनं बिअरचं, आणि मग दोन्ही ग्लास तेजसच प्यायला. त्याला नाव ठेवायला जागा नव्हती, कारण तो काहीच लपवायचा नाही. हिशेब ठेवणं आणि संशय घेणं ही दोन खाती त्यानं एजाजवर सोडली होती.

आदल्या वर्षी अमेरिकेत एक बँक बुडाली. तिचा आणि हिंजवडीचा संबंध काय, असं एजाजच्या वडिलांनी विचारलं होतं. संबंध असा होता, की आधी कंपनीच्या कँटीनमधली बिस्किटं बंद झाली, मग टिश्यूपेपर, आणि मग अनंतला वरून सांगण्यात आलं की तुझ्या टीममध्ये टेस्टर दोन आहेत, एकात भागेल. अनंत हा त्यांचा मॅनेजर. त्याला सर म्हणायचं नाही, अनंत म्हणायचं, कारण कंपनीत सगळे समान होते. दोनात एक, ही गोष्ट अनंतनं कुणाला सांगितली नाही, म्हणून ती दुपारपर्यंत सगळ्या मजल्याला कळली. एजाज आणि तेजस त्याबद्दल एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. फक्त त्या दिवशी तेजसनं डब्यातला खिमा अर्धाच घेतला, आणि एजाजच्या हे लक्षात आलं.

एजाजचा पगार सोडला तर तांबोळ्यांच्या घरात दुसरं काही येत नव्हतं. वडील, मुनव्वर तांबोळी, घड्याळजी. घड्याळं बंद पडायची थांबली नव्हती. ती दुरुस्त करावीत असं लोकांना वाटणं थांबलं होतं. नव्वदनंतर आधी वापरून फेकायची घड्याळं आली, मग मोबाइल आला, आणि वेळ सगळ्यांच्या खिशात फुकट मिळायला लागली. शिवाय दुकानाच्या दारात महापालिकेनं विजेचा खांब असा रोवला होता की शटर वर जायचं पण गिऱ्हाईक आडवं होऊन आत यायचं. मुनव्वर रोज दुकान उघडायचे आणि गिऱ्हाईक नसलेल्या वेळात, म्हणजे दुकान उघडं असेल तोवर, खांब हलवण्यासाठी पालिकेला अर्ज लिहायचे. त्यांचं मराठी पालिकेच्या कारकुनापेक्षा शुद्ध होतं. ‘उपरोक्त विषयान्वये’नं सुरुवात, मध्ये वस्तुस्थिती, आणि शेवटी ‘सबब’. सबब हा शब्द आला की एजाजला लहानपणी वाटायचं, आता खांब हलणार. उत्तर दर वेळी येई: आपला अर्ज योग्य त्या विभागाकडे पाठवण्यात आला आहे. योग्य तो विभाग कुठला हे शोधण्यासाठी मुनव्वरनी वेगळा अर्ज केला होता. तोही योग्य त्या विभागाकडे गेला.

माणसं काढायची तर मजल्यावरचं वातावरण प्रसन्न पाहिजे, असं कंपनीच्या कुणाच्या तरी डोक्यात आलं. म्हणून एचआरच्या नम्रतानं ‘मनःस्वास्थ्य सप्ताह’ जाहीर केला आणि शनिवार पेठेतून राजनंदिनी मॅडमना बोलावलं. त्या फुलांची औषधं द्यायच्या. पूर्वी बँकेत होत्या. बँकेनं स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली तेव्हा त्यांनी स्वेच्छा दाखवली, मग वर्षभर पलंगावरून उठल्या नाहीत, आणि मग कुणीतरी दिलेल्या फुलांच्या थेंबांनी उठल्या. निदान त्यांचा तसा विश्वास होता. नोकरी गेल्यावर माणूस कसा आडवा होतो हे त्या मजल्यावर त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. कंपनीनं त्यांना बोलावलं ते मात्र त्यांचे दर कमी होते म्हणून.

कंपनीतल्या खोल्यांना किल्ल्यांची नावं होती. मॅडमचं भाषण राजगडावर झालं. त्यांनी पडद्यावर एकेक फूल दाखवलं आणि ते कुठल्या भावनेवर चालतं ते सांगितलं. पाइनचं फूल अपराधीपणावर, आक्रोडाचं आयुष्यातल्या बदलांवर. मोहरीचं फूल विनाकारण येणाऱ्या उदासीवर. इथे तेजसनं हात वर केला आणि आमच्याकडं त्याची फोडणी देतात, अशी माहिती पुरवली. एजाजनं विचारलं की उदासीला कारण असेल तर कुठलं फूल. मॅडमनी शांतपणे सांगितलं की त्यालाही वेगळं आहे, आणि खरोखर होतं. त्या माणसांवर चिडायच्या नाहीत. त्याला बहुधा आणखी एक फूल असावं.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या टेबलावर तपकिरी काचेची छोटी बाटली आली. आत सगळ्यांना एकच मिश्रण, कारण कंपनीनं सगळ्यांना एकच दुःख मंजूर केलं होतं. जिभेखाली चार थेंब, दिवसातून चार वेळा. बाटल्यांवर नावं नव्हती. ज्याचं टेबल त्याची बाटली. फक्त काही बाटल्यांची झाकणं काळी होती आणि काहींची पांढरी. तेजसचं काळं. एजाजचं पांढरं. कुणाचं लक्षही गेलं नाही.

एजाजनं ती घरी नेऊन दाखवली. अख्तरबानूंनी, म्हणजे त्याच्या अम्मीनं, वास घेतला आणि साखरेचं पाणी आहे असा निकाल दिला. मुनव्वरनी ती भिंग लावून पाहिली आणि विचारलं, हे चालू कुठून करायचं.

लक्ष गेलं ते बँकिंग टीमच्या वेळी. अमेरिकेतली बँक ज्यांची गिऱ्हाईक होती ती टीम एका सकाळी एकेक करून पुरंदरावर बोलावली गेली. पुरंदर ही नम्रताच्या केबिनशेजारची खोली. पुरंदरावर काय होतं हे महाराष्ट्रात चौथीच्या पोरालाही शिकवलेलं असतं, पण खोल्यांना नावं देणारा माणूस बहुधा दुसऱ्या बोर्डाचा होता. आत तह व्हायचा. किल्ले द्यायचे, सही करायची, आणि राजीनामा स्वखुशीनं दिला असं म्हणून बाहेर यायचं. बाहेर आलेल्या माणसांनी आपापली खोकी भरली. टेबलांवर बाटल्या राहिल्या. आणि त्या सगळ्याच्या सगळ्या पांढऱ्या झाकणाच्या होत्या.

टेस्टरांचा मजला तो. दोन गोष्टी शेजारी दिसल्या की त्यांच्यातला संबंध शोधायचा याचंच त्यांना पोट भरण्याइतकं शिक्षण मिळालेलं. चहाच्या सुट्टीत सिद्धांत तयार झाला: कंपनीनं जाणाऱ्यांना आणि राहणाऱ्यांना वेगवेगळी औषधं दिली आहेत. जाणाऱ्यांना सोशिकपणाचं, राहणाऱ्यांना कामाच्या उत्साहाचं. पांढरं झाकण म्हणजे नारळ. कुणी म्हणालं, पुरावा एकाच टीमचा आहे. त्यावर दुसऱ्यानं आठवण करून दिली की याहून कमी पुराव्यावर आपण जर्मनीच्या विमा कंपनीला अख्खं सॉफ्टवेअर पाठवलंय.

त्यानंतर मजल्याला वेड लागलं, पण शिस्तीत. एकानं झाकण मार्करनं काळं केलं. घामानं रंग बोटांना लागला आणि तो दिवसभर हात खिशात घालून टाइप करायचा प्रयत्न करत राहिला. काळ्या झाकणवाले बाटली मुद्दाम दिसेल अशी ठेवायला लागले, गाडीत गणपती ठेवतात तशी. पांढरेवाले ती ड्रॉवरमध्ये टाकून, अजून मिळालीच नाही म्हणायचे. मग नम्रताचा मेल आला की बाटल्या टेबलावरच ठेवाव्यात, थेंब घेण्याची आठवण राहते. आता तर शंकाच उरली नाही.

एजाजची बाटली टेबलावर उभी होती. तेजसची तिच्यापासून हातभर अंतरावर. एजाज काम करताना डोळ्याच्या कोपऱ्यातून दोन्ही झाकणांकडे बघायचा. तेजस एकदाच बोलला. “हे सगळं बकवास हाये बे,” तो म्हणाला. “झाकणानं का माणूस ठरते?” मग त्यानं अनंतशी बोलू का, असं विचारलं. वाशीमला घर आहे, शेत आहे म्हणावं, मी निघतो, एजाजला ठेवा. एजाज म्हणाला, काही गरज नाही, मला कुणाची भीक नको. हे तो इतक्या कोरड्या पुणेरी आवाजात म्हणाला की तेजसनं विषयच सोडला. ‘बोल’ एवढंच म्हणायला पाहिजे होतं. तेवढं म्हणणं म्हणजे खाली बघून बोलणं, आणि कसबा पेठेत खाली बघून फक्त गटार ओलांडतात.

बुधवारी आगीचा सराव होता. आग लागलेली नसताना आग लागली असं समजून सगळ्यांनी जिन्यानं खाली उतरायचं आणि उन्हात रांगेत उभं राहायचं. तिसऱ्या मजल्याचा फायर वॉर्डन एजाज होता. वॉर्डन कुणीच होत नव्हतं आणि एजाज नेमणुकीच्या बैठकीला उशिरा पोचला, म्हणून. नारिंगी जाकीट, गळ्यात शिट्टी. सगळे उतरल्यावर मजल्यावर कुणी राहिलं नाही ना हे शेवटच्यानं बघायचं असतं, आणि तो शेवटचा एजाज.

त्यानं शिट्टी वाजवली. सगळे उतरले, तेजस जाता जाता, तू पण ये लवकर, जळशील नाही तर, असं म्हणून गेला. एजाजनं नियमाप्रमाणे राजगड पाहिला, तोरणा पाहिला, बाथरूमची दारं ढकलली. पुरंदराचं दार उघडून आत फक्त टेबल आणि टिश्यूपेपरचा खोका आहे याची खात्री केली. टिश्यूपेपर आता फक्त तिथंच मिळायचे. मग तो आपल्या जागेवर आला, दोन्ही बाटल्या उचलल्या, आणि एकीच्या जागी दुसरी ठेवली.

एवढंच. घड्याळात सेल बदलायला याहून जास्त वेळ लागतो. खाली जाऊन त्यानं सुरक्षा अधिकाऱ्याला कळवलं की तिसरा मजला रिकामा आहे, आत कुणी माणूस नाही. अधिकाऱ्यानं त्याला शाबासकी दिली.

परत वर आल्यावर तेजसनं आधी आपली बाटली पाहिली, मग एजाजची. नारिंगी जाकीट घालून मजला तपासणाऱ्या माणसावर त्यानं संशय घेणं शक्यच नव्हतं. ते खातं त्यानं आधीच एजाजकडे दिलेलं. त्याला वाटलं, सगळे खाली असताना एचआरनं येऊन बाटल्या बदलल्या. म्हणजे वर निर्णय बदलला. मग तो हसला.

“यादीतून तुहं नाव कटलं बे,” तो म्हणाला. “काळं आलं तुले. पार्टी पाहिजे.”

एजाजनं त्याला कँटीनमध्ये पोहे खिलवले. वर दुप्पट शेव घालायला लावली. तेजसनं सगळी खाल्ली.

त्या रात्री एजाजला विलक्षण शांत झोप लागली. दुसऱ्या दिवशीही लागली. काळ्या झाकणाचे थेंब घेतले की छातीत जरा ऊब यायची आणि मनाचा आवाज लहान व्हायचा. फुलांची त्यानं इतकी टिंगल केली होती, आणि इथं औषध लागू पडत होतं. चाराचे सहा थेंब झाले, सहाचे मग मोजले नाहीत.

शुक्रवारी तो जुम्म्याची नमाज पढून परत आला तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी होती. पुरंदराच्या काचेवरचा पडदा ओढलेला होता. काही वेळानं तेजस बाहेर आला. बरोबर सुरक्षारक्षक, स्वखुशीनं जाणाऱ्या माणसाला दारापर्यंत सोबत द्यायची कंपनीची पद्धत होती. कॉम्प्युटर बंद केलेला. फोनही कंपनीचा होता, तो काढून घेतलेला. तेजसनं ड्रॉवरमधून दाढीचं सामान आणि लोणच्याची बरणी काढली. लोणचं त्याच्या आईचं होतं. ते त्यानं एजाजच्या टेबलावर ठेवलं. बाटलीही उचलली, झाकण बघितलं, आणि खिशात घातली. म्हणाला, आता हीच घ्यावी लागेल, माझ्याचसाठी केलेली हाये.

रक्षक घाई करत होता. एजाजला काहीतरी म्हणायचं होतं. तो म्हणाला, “पोचल्यावर फोन कर.” तेजसजवळ फोन नव्हता, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

सोमवारी एजाज अनंतकडे गेला. तेजसचंच नाव का, एवढंच त्याला विचारायचं होतं. कामात कमी पडला, इंग्रजी कच्चं होतं, काहीही चाललं असतं. अनंतचे डोळे झोप न झाल्यासारखे होते आणि त्याच्याही टेबलावर बाटली होती, तळाला लागलेली. त्यानं दार लावून घेतलं. वरून एक नाव मागितलं होतं, तो सांगायला लागला. दोघांत कुणाचं द्यायचं, काही केल्या ठरेना. मग झाकणांचं कानावर आलं.

“म्हटलं, एचआरनं खूण करूनच ठेवलीय, तर आपण कशाला पाप घ्या,” अनंत म्हणाला. “आधी मला तुझं पांढरं असल्यासारखं आठवत होतं. पण खात्री नव्हती. म्हणून आगीच्या सरावानंतर मुद्दाम येऊन पाहून गेलो. एवढं मी केलं हं. न बघता नाव दिलं नाही.”

म्हणजे एचआरनं अनंतवर सोडलं होतं, अनंतनं झाकणावर, आणि झाकण एजाजनं हलवलं होतं. टेस्टरच्या भाषेत सांगायचं तर चूक नेमकी कुठल्या ओळीत आहे ते सापडलं होतं, आणि ती ओळ तो स्वतः होता.

उरला प्रश्न तो झाकणांचा अर्थ काय होता याचा. त्यासाठी एजाज शनिवार पेठेत राजनंदिनी मॅडमच्या दोन खोल्यांत गेला. त्याला वाटत होतं, मॅडम म्हणतील की हो, पांढरं म्हणजे जाणाऱ्यांचं. मग निदान असं म्हणता आलं असतं की कंपनीनं पाप आधीच केलं होतं, त्यानं फक्त त्याची दिशा बदलली.

मॅडमना आधी प्रश्नच कळला नाही. मग त्या हसल्या. “अहो, पांढरं म्हणजे बिनब्रँडीचं.”

फुलांचा अर्क टिकण्यासाठी त्यात ब्रँडी घालतात, त्यांनी समजावून सांगितलं, थोडीशीच. पण कुणाच्या धर्मात, कुणाच्या व्रतात ते बसत नाही. कुणाच्या भावनेला धक्का नको म्हणून त्यांनी नम्रताला विचारलं होतं की न पिणारे किती. नम्रतानं वार्षिक पार्टीची कूपनं काढली. ज्यांनी रस घेतला त्यांना ग्लिसरीनमधलं औषध, पांढरं झाकण. ज्यांनी बिअर घेतली त्यांना काळं. बँकिंग टीमचं म्हणाल, तर पार्टी गुरुवारी होती, त्या टीमचा साहेब गुरुवार करायचा, आणि म्हणून त्या दिवशी त्याच्या हाताखालच्या सगळ्यांनीच गुरुवार केला होता.

“तुम्हाला पांढरी मिळाली ना?” मॅडमनी काळजीनं विचारलं. “तुमच्यासाठी तर मी मुद्दाम दोनदा सांगितलं होतं.”

एजाज काही वेळ भिंतीवरच्या फुलांच्या तक्त्याकडे बघत बसला. म्हणजे ती छातीतली ऊब ब्रँडीची होती. शुक्रवारी नमाजच्या रांगेत तो ब्रँडी घेऊन उभा होता. त्या गुन्ह्याचं त्याला फार काही वाटेना, आणि हेच त्याला भयंकर वाटलं. त्याच्या पुढे रांगेत आणखी मोठा गुन्हा उभा होता.

मग त्यानं सगळं सांगितलं. मॅडम ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. जिच्या सौजन्यानं एक माणूस गेला अशी बाई कशी दिसते ते एजाजनं पाहिलं. ती कपाटातून बाटली काढते आणि आधी स्वतः चार थेंब घेते. मग त्यांनी दुसरी बाटली पुढे केली. अपराधीपणासाठी पाइन, त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, आणि ही बिनब्रँडीची आहे. एजाजनं ती घेतली नाही. घेतली असती तर कदाचित बरं वाटलं असतं, आणि ते त्याला नको होतं.

तेजसच्या नंबरवर फोन केला की बाई सांगायची, हा क्रमांक अस्तित्वात नाही. बिबवेवाडीत घरमालकीण सुशीलाबाई म्हणाल्या, पोरगा खोली झाडून गेला, असा भाडेकरू पुन्हा मिळायचा नाही, तुम्ही राहणार असाल तर डिपॉझिट वाढलंय. तेजस पूर्वी एकदा एजाजच्या मोबाइलवरून घरी बोलला होता, तो वाशीमचा नंबर एजाजनं शोधून काढला. फोन तेजसच्या वडिलांनी, नागोरावांनी उचलला. तेजसचा दोस्त म्हटल्यावर त्यांना फार आनंद झाला. तो तं बाहेरदेशी गेला, त्यांनी सांगितलं, कंपनीनं पाठवलं, जर्मनीले. तुमाले माहीत नाही का? एजाज म्हणाला, माहीत आहे, जर्मनीत सध्या फार काम आहे. नागोरावांनी विचारलं, तुमाले काऊन नाही पाठवलं? एजाजनं सांगितलं की दोघांत एकालाच पाठवायचं होतं.

“मंग बरोबरच हाये,” नागोराव समाधानानं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी एजाज नम्रताकडे गेला. ती वाईट नव्हती. तिच्या ड्रॉवरमध्ये दोन्ही रंगांच्या बाटल्या होत्या. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली की कंपनीनं कुणालाही काढलेलं नाही, त्यामुळे चुकीच्या माणसाला काढलं असं होऊ शकत नाही. तेजस गावंडे हे नाव तिनं कॉम्प्युटरमध्ये घातलं. काही सापडलं नाही. तिनं स्क्रीन त्याच्याकडे वळवून दाखवली. तरी काही म्हणायचं असेल तर लेखी दे, ती म्हणाली, म्हणजे योग्य त्या विभागाकडे पाठवता येईल.

‘योग्य त्या विभागाकडे’ हे शब्द ऐकून एजाजला, कितीतरी दिवसांनी, घरी आल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी तो खांबाला वळसा घालून, आडवा होऊन वडिलांच्या दुकानात शिरला. मुनव्वर डोळ्याला भिंग लावून बंद घड्याळात बघत होते. अर्ज लिहायचाय, असं तो म्हणाला. पोरगा अर्ज लिहायला बसलाय म्हणजे तो मोठा झाला, एवढंच त्यांना दिसलं असावं. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. समास सोडायला सांगितला.

प्रति,
मा. मनुष्यबळ विभागप्रमुख

विषय: पांढऱ्या झाकणाची बाटली परत मिळणेबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयान्वये कळवण्यात येते की, खाली सही करणार एजाज मुनव्वर तांबोळी, फायर वॉर्डन, तिसरा मजला, याने आगीच्या सरावाच्या वेळी, आग लागलेली नसताना व मजल्यावर कोणीही नसताना, श्री. तेजस नागोराव गावंडे (सध्या अस्तित्वात नाहीत) यांच्या टेबलावरील काळ्या झाकणाची बाटली स्वतःकडे घेतली व स्वतःची पांढऱ्या झाकणाची बाटली त्यांच्याकडे ठेवली. सदर कृत्य त्याने पूर्ण शुद्धीत केले. ब्रँडी त्यानंतर घेतली. मजला रिकामा असून आत कोणी माणूस नाही, असे त्याने त्या वेळी कळवले होते, ते तेवढे खरे होते. श्री. गावंडे यांनी स्वतःहून जाण्याची तयारी दाखवली होती, ती अर्जदाराने नाकारली, याचीही नोंद घ्यावी.

सबब, दोन्ही बाटल्या मूळ जागी ठेवून त्यानंतरची सर्व कार्यवाही नव्याने करण्यात यावी, पुरंदर येथे अर्जदारास बोलावण्यात यावे, आणि श्री. गावंडे यांना जर्मनीहून परत आणून, ते तेथे गेलेले नसले तरी, त्यांच्या खुर्चीत पूर्वलक्षी प्रभावाने, पोह्यांवर पुरेशी शेव घालून बसवण्यात यावे, ही नम्र विनंती.